विश्लेषण : फेसबुक बंद केल्याने राजकीय कडवटपणा कमी होतो का?

समाजमाध्यमांनी माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या, हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इथे राजकारण नको’ अशी तंबी देण्याची वेळ बहुतेक घरांत येऊन गेली आहे. पण या समजाला पुरावा काय? गेल्या काही वर्षांत संशोधकांनी लोकांना पैसे देऊन फेसबुक बंद करायला लावले, फीडचा क्रम बदलून पाहिला, एका वृत्तवाहिनीच्या प्रेक्षकांना दुसऱ्या वाहिनीसमोर बसवले. त्यातून निघालेली उत्तरे प्रचलित समजाला पूर्ण दुजोरा देत नाहीत आणि तंत्रज्ञान कंपन्यांना निर्दोषही ठरवत नाहीत.

‘ओय बस’चे ‘शोएब’ कसे झाले?

पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. करोनाची टाळेबंदी सुरू होती. हे तिघे एका अंत्यविधीसाठी कांदिवलीहून सुरतकडे निघाले होते. मुले पळवणारे, अवयव काढून नेणारे, चोर-दरोडेखोर रात्री फिरतात अशा अफवा त्या परिसरात काही दिवसांपासून पसरल्या होत्या आणि गावकरी रात्रीचा पहारा देत होते. दोनच दिवस आधी त्याच भागात मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या पथकावरही जमाव चालून गेला होता.

घटनेच्या चित्रफिती दोन-तीन दिवसांनी देशभर पसरल्या आणि तिथून दुसरीच कथा सुरू झाली. एका चित्रफितीत कुणीतरी ‘ओय बस, ओय बस’ असे ओरडताना ऐकू येते. समाजमाध्यमांवर तेच शब्द ‘शोएब, बस’ असल्याचे सांगितले गेले आणि हल्ल्याला हिंदू-मुस्लीम वादाचा रंग चढला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली, त्यात एकही मुस्लीम नसल्याचे सांगितले आणि ‘ओय बस’चाही खुलासा केला. आरोपींचा धर्म कोणता नाही हे सांगण्यासाठी राज्याच्या गृहमंत्र्याला अटकेची यादी जाहीर करावी लागावी, यावरून त्या आठवड्यातील वातावरणाची कल्पना येते.

या प्रकरणात दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या आणि त्या एकच समजल्या जातात. गावात माहितीचा दुष्काळ होता. टाळेबंदीत बाहेरचे कुणी येत नव्हते, खरे काय ते सांगणारे कुणी नव्हते आणि अफवा तोंडातोंडी व मोबाइलवरून फिरत होती. त्यातून तिघांचा जीव गेला. त्यानंतर देशभर जे घडले तिथे मात्र माहितीची कमतरता नव्हती. यादी होती, चित्रफीत होती, पोलिसांचा खुलासा होता. तरीही ज्याला जे ऐकायचे होते तेच ऐकू आले. पहिला प्रश्न लोकांना काय ठाऊक आहे याचा आहे, दुसरा लोक एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहतात याचा. अभ्यासकांच्या भाषेत पहिले सार्वजनिक ज्ञान आणि दुसरे ध्रुवीकरण. एकावर केलेला उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही, हे पुढील प्रयोगांतून दिसते.

महिनाभर फेसबुक बंद ठेवल्यावर काय झाले?

अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ मध्ये मध्यावधी निवडणुका झाल्या. त्याआधीचे चार आठवडे हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेन्ट्झको आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. फेसबुक वापरणाऱ्या सुमारे २,७०० जणांना त्यांनी विचारले, चार आठवडे खाते बंद ठेवण्यासाठी किती पैसे घ्याल? मधला आकडा साधारण १०० डॉलर निघाला. ज्यांची मागणी या आसपास किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने खरोखरच खाते बंद केले, दुसऱ्याचे चालू राहिले. असा प्रयोग महत्त्वाचा, कारण एरवी फेसबुक वापरणारे आणि न वापरणारे यांची नुसती तुलना केली तर वय, शिक्षण, स्वभाव असे शंभर फरक मध्ये येतात. इथे दोन्ही गट सारखेच होते.

खाते बंद केलेल्यांना दिवसाचा सुमारे तासभर मोकळा मिळाला. धोरणात्मक प्रश्नांवरील त्यांची मते दोन टोकांपासून थोडी आत सरकली. ते किंचित अधिक समाधानी झाले. प्रयोग संपल्यावरही त्यांचा फेसबुकचा वापर पूर्वीपेक्षा कमी राहिला. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे. पण त्यांना चालू घडामोडींवर प्रश्न विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे दुसऱ्या गटापेक्षा अधिक चुकली. फेसबुकवरून सुटलेला वेळ त्यांनी वर्तमानपत्र वाचण्यात घालवला नव्हता. आणखी एक गोष्ट : विरोधी पक्षाच्या माणसांविषयी त्यांना वाटणारा राग मात्र लक्षणीय कमी झाला नव्हता. धोरणांवरची मते जवळ आली, माणसे नाही.

दोन वर्षांनी, २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी, हाच प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. फेसबुकचे १९,८५७ आणि इन्स्टाग्रामचे १५,५८५ वापरकर्ते त्यात होते. काहींनी निवडणुकीआधी सहा आठवडे खाते बंद ठेवले. यावेळी ध्रुवीकरणावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मतदानाच्या टक्क्यावर, निवडणूक निकालावरच्या विश्वासावरही फरक दिसला नाही. ज्ञानाच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे होते : सर्वसाधारण बातम्यांची माहिती घटली, पण ऑनलाइन फिरणाऱ्या खोट्या दाव्यांवरचा विश्वासही कदाचित घटला. एकाच नळातून गढूळ आणि स्वच्छ असे दोन्ही पाणी येत असेल, तर नळ बंद केल्यावर दोन्ही थांबते. त्यातले अधिक काय थांबले हे त्या घरात दुसरे पाणी कुठून येते यावर अवलंबून.

मग दोष अल्गोरिदमचा नाही का?

आधी यंत्रणा पाहू. फीडमध्ये कोणती पोस्ट वर येणार हे ठरवण्यासाठी फेसबुक प्रत्येक पोस्टला गुण देते. लोक त्यावर थांबतील का, प्रतिक्रिया देतील का, पुढे पाठवतील का, याचा अंदाज बांधून हे गुण ठरतात. २०१७ मध्ये कंपनीने इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या ‘लाइक’पेक्षा पाचपट वजन दिले होते. त्यात संतापाचा लाल चेहराही आला. म्हणजे चीड आणणारी पोस्ट आवडणाऱ्या पोस्टपेक्षा अधिक लोकांपुढे जाण्याची सोय झाली. कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून हे जगापुढे आले. तोपर्यंत कंपनीने संतापाच्या चेहऱ्याचे वजन शून्यावर आणले होते. दुकानदाराने आपले माप आपणच गुपचूप बदलावे आणि आपणच दुरुस्त करावे, असा हा प्रकार. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा पत्ता नाही.

असे असूनही अल्गोरिदम काढून घेतला तर माणसे शांत होतात का, याचे उत्तर सरळ ‘हो’ आले नाही. २०२० च्या निवडणुकीच्या काळात मेटा कंपनीच्या सहकार्याने विद्यापीठातील संशोधकांनी आणखी काही प्रयोग केले. त्यांचे पहिले निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात तीन महिने काही वापरकर्त्यांना पोस्ट फक्त वेळेच्या क्रमाने दाखवल्या, म्हणजे नवे ते वर. लोकांचा फेसबुकवरील वेळ घटला, शिवराळ मजकूरही कमी दिसला. मात्र राजकीय मजकूर आणि अविश्वासार्ह स्रोतांकडून आलेला मजकूर वाढला. ध्रुवीकरण जिथल्या तिथे. दुसऱ्या प्रयोगात पुढे ढकललेल्या म्हणजे ‘शेअर’ केलेल्या पोस्ट फीडमधून काढून टाकल्या. खोटा मजकूर कमी झाला, पण खऱ्या बातम्याही शेअरमधूनच येत असल्याने बातम्यांची माहिती घटली. ध्रुवीकरण पुन्हा तसेच. तिसऱ्या प्रयोगात २३,३७७ जणांना आपल्याच मताच्या लोकांचा मजकूर सुमारे एकतृतीयांशाने कमी दाखवला गेला. तरी मते हलली नाहीत.

या निष्कर्षांचा ‘समाजमाध्यमे निर्दोष सुटली’ असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. एक तर तीन महिन्यांचा काळ म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या सवयीपुढे काहीच नाही. दुसरे असे की, प्रयोगातील व्यक्तीचे फीड बदलले तरी तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांचे, पक्षांचे आणि वाहिन्यांचे वागणे जुन्याच फीडला धरून चालू होते. शिवाय निवडणुकीच्या धामधुमीत मेटाने खोट्या मजकुराला आळा घालण्यासाठी तात्पुरते आणीबाणीचे उपाय लागू केले होते, त्यामुळे तुलनेसाठी धरलेले ‘नेहमीचे’ फीड नेहमीचे नव्हतेच, असा आक्षेप इतर संशोधकांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्येच नोंदवला. आणि कंपनीने दार उघडले तेवढ्याच खोलीत संशोधकांना जाता आले, हेही विसरता येत नाही.

म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग वेगळा ठरतो. यात संशोधकांनी कंपनीची परवानगीच घेतली नाही. ब्राउझरला जोडायचे एक छोटे साधन तयार करून त्यांनी १,२५६ स्वयंसेवकांच्या ‘एक्स’ फीडचा क्रम २०२४ च्या अमेरिकी प्रचारकाळात दहा दिवस बदलला. सगळा राजकीय मजकूर त्यांनी हटवला नाही. विरोधी पक्षाच्या लोकांविषयी द्वेष आणि लोकशाहीविरोधी सूर असलेल्या पोस्ट तेवढ्या काहींना खाली, तर काहींना वर दाखवल्या. विरोधी पक्षाविषयी किती आपुलकी वाटते हे शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर विचारले असता, दोन्हीकडे सुमारे दोन अंशांचा फरक पडला. आकडा छोटा दिसतो, पण अमेरिकेत एरवी एवढा बदल व्हायला साधारण तीन वर्षे लागली होती. म्हणजे मजकूर कोणत्या क्रमाने येतो यापेक्षा वर येणारा मजकूर कसला आहे, यावर बरेच काही अवलंबून असावे.

इंटरनेट नसलेल्यांचे काय?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गेन्ट्झको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वेगवेगळ्या वयोगटांची तुलना केली. ध्रुवीकरण सर्वांत वेगाने वाढले होते ते वृद्धांमध्ये, म्हणजे जे इंटरनेट सर्वांत कमी वापरत होते त्यांच्यात. पुढे याच संशोधकांनी १२ श्रीमंत देशांतील चाळीस वर्षांची आकडेवारी तपासली. विरोधी पक्षाविषयीची अप्रीती अमेरिकेत सर्वाधिक वाढलेली दिसली, तर जर्मनी आणि स्वीडनसारख्या देशांत ती घटली होती. मोबाइल आणि इंटरनेट तिकडेही पोहोचलेच होते.

मग वृद्ध काय करत होते? बहुधा दूरचित्रवाणी बघत होते. फॉक्स न्यूज ही वाहिनी अमेरिकेत ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली, पण केबलचालकांनी ती सगळीकडे एकदम दिली नाही. काही गावांत ती आली, शेजारच्या गावांत आली नाही. या योगायोगाचा फायदा घेऊन दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा वाहिनी पोहोचलेल्या गावांत २००० सालच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाची मते ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी अधिक वाढलेली आढळली. त्या निवडणुकीचा निकाल फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांवर लागला होता, हे लक्षात घेतले तर हा आकडा किरकोळ वाटत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कॅला या राज्यशास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग केला. फॉक्सच्या ३०० हून अधिक नियमित प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर, आठवड्याला सात तासांपर्यंत, सीएनएन बघायला लावले. खरोखर बघतात का हे तपासण्यासाठी मध्ये मध्ये प्रश्नमंजुषाही घेतल्या. हे प्रेक्षक पक्के होते, त्यांचे मन वळणार नाही असा अंदाज बांधणे सोपे होते. तरीही महिन्याभरात करोनाचे शरीरावर दीर्घकाळ परिणाम होतात, इतर देशांनी साथ अधिक चांगली हाताळली अशा गोष्टी त्यांना नव्याने कळल्या. विरोधकांविषयीचे काही टोकाचे समज सैल झाले. आणि ट्रम्प यांच्याकडून काही चुकले तर फॉक्स ते दाखवणार नाही, हे त्यांच्यातले अधिक जण मान्य करू लागले. पैसे थांबले, प्रेक्षक फॉक्सकडे परतले आणि दोनेक महिन्यांत बहुतेक बदल विरून गेले.

या प्रयोगातील खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट म्हणजे कुणालाही खोट्या बातमीचे खंडन ऐकवले गेले नव्हते. त्यांना न दाखवलेल्या बातम्या दाखवल्या गेल्या, इतकेच. खोट्या बातम्यांवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्या पकडता येतात. वगळलेली बातमी पकडता येत नाही. एका वाहिनीवर आठवडाभर महागाई आणि दुसरीवर आठवडाभर सीमेवरचा तणाव चालला, तर दोन्ही वाहिन्यांनी एकही खोटे वाक्य न उच्चारता त्यांचे प्रेक्षक दोन वेगळ्या देशांत राहू लागतात.

मतभेदांनी पेटलेली माध्यमे ही काही मोबाइलची देणगी नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ‘केसरी’तून बाहेर पडून गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पुण्यातील पत्रांनी एकमेकांवर यथेच्छ कोरडे ओढले. फरक इतकाच की, प्रतिपक्षाचे वाभाडे काढण्यासाठी त्याचा लेख आधी वाचावा लागत असे.

बोस्नियात उलटे का घडले?

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुस्लीम पुरुष आणि मुलग्यांची हत्या झाली. दरवर्षी ११ जुलैला त्याची स्मृती पाळली जाते आणि त्या आठवड्यात बोस्नियातील समाजमाध्यमांवर जुन्या जखमा पुन्हा वाहू लागतात. २०१९ मध्ये नेमक्या त्याच आठवड्यात संशोधकांनी तिथल्या काही लोकांना फेसबुक बंद ठेवायला सांगितले. द्वेषाचा मारा थांबेल आणि दुसऱ्या वंशाच्या लोकांविषयीची भावना सुधारेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटे. फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचे दुसऱ्या गटाविषयीचे मत अधिक वाईट झाले.

हा परिणाम मुख्यतः अशा लोकांत दिसला, ज्यांच्या आजूबाजूला त्यांच्याच वंशाचे लोक होते. युद्धानंतर बोस्नियात वस्त्या, शाळा वेगळ्या झाल्या. अशा गावात राहणाऱ्याला दुसऱ्या समाजाचे लग्न, वाढदिवस, विनोद, दुःख दिसते ते फेसबुकवरच. ते बंद केल्यावर उरतो तो आपल्याच माणसांचा कट्टा. मुंबई-पुण्यापासून मालेगाव-भिवंडीपर्यंत ज्यांनी वस्त्यांची अदृश्य सरहद्द पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अर्थात बोस्नियातील अभ्यास साडेतीनशेच लोकांचा आणि एका आठवड्याचा होता, त्यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही. पण ‘फोन बाजूला ठेवा आणि माणसांत मिसळा’ असे सांगताना कोणत्या माणसांत, हा प्रश्न त्याने उभा केला.

व्हॉट्सॲपला तर अल्गोरिदमच नाही...

भारतातील चर्चा इथे अमेरिकेपासून वेगळी होते. व्हॉट्सॲपच्या संदेशांना गुण देऊन वर-खाली करणारी यंत्रणा नाही. पुढे ढकलणारा अंगठा माणसाचाच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या मुलांच्या अपहरणाच्या एका चित्रफितीचे मूळ कराचीतील एका संस्थेच्या जनजागृतीपटात निघाले. शेवटी मूल परत आणून दिले जाते, तो भाग कापून उरलेला तुकडा ‘आपल्या भागातला’ म्हणून फिरत होता. इथे राजकीय ध्रुवीकरण नव्हते. भटक्या समाजांविषयी रुजलेला संशय होता आणि त्याला मोबाइलने गती दिली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचलेच्या घटनेच्या सुमारासच, वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आले. अशा संदेशांचे प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने जाहीर केले. वेग कमी झाला हे खरे. अफवेच्या बाबतीत वेगच जीवघेणा असतो, म्हणून हा उपाय मोलाचा. पण मत बदलण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. ब्राझीलमध्ये २०२२ च्या निवडणुकीआधी तीन आठवडे काही लोकांनी व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिफिती उघडल्याच नाहीत. खोट्या गोष्टी त्यांच्या कानावर कमी आल्या. खरे-खोटे ओळखण्यात आणि विरोधकांविषयीच्या भावनेत मात्र फरक पडला नाही.

सरकारनेच खरे-खोटे ठरवावे का?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून तशी तरतूद केली होती. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा असल्याचे सरकारचाच तथ्य-पडताळणी कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्डसह इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवल्यानंतर ती रद्द झाली. वादाचा एक पक्षकारच पंच झाला, तर निम्म्या प्रेक्षकांचा निकालावर विश्वास बसणार नाही. ध्रुवीकरण झालेल्या समाजात तर नाहीच.

शिकवून काही फरक पडतो का?

बिहारमधील दोन प्रयोगांची उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण ती एकत्र वाचायला हवीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन या राज्यशास्त्रज्ञांनी १,२२४ जणांवर प्रयोग केला. प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन तासभर बसले, छायाचित्र कुठले आहे ते कसे शोधायचे, संदेश कसा पडताळायचा हे शिकवले. दोन आठवड्यांनी तपासले तर एकंदर सुधारणा शून्य. उलट भाजपसमर्थक सहभागींची आपल्या पक्षाला अनुकूल खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता थोडी घटली होती. मोठ्या माणसाला त्याच्या घरी जाऊन ‘तुम्ही फसता’ असे सांगण्याचा हा परिणाम असावा.

पुढे त्याच संशोधक सहकाऱ्यांसह पुन्हा बिहारमध्ये गेल्या, यावेळी १३ ते १८ वर्षांच्या मुलांकडे. गावातील ग्रंथालयांत काही आठवड्यांच्या अंतराने चार तासिका झाल्या. हजेरी, गृहपाठ, सगळे शाळेसारखे. १३ हजारांहून अधिक मुले-मुली या अभ्यासात होत्या. यावेळी फरक पडला आणि तो चार महिन्यांनीही टिकला. भर आरोग्यविषयक अफवांवर होता, तरी मुले राजकीय बातम्यांतील खोटेही अधिक अचूक ओळखू लागली. त्यांच्या आईवडिलांतही थोडी सुधारणा दिसली. घरात सकाळी ‘सुप्रभात’सोबत येणारा रामबाण काढा खरा की खोटा, हे आता पोर सांगू लागले होते.

आणि वर्तमानपत्रांनी काय करावे?

कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज शहरातील ‘डेझर्ट सन’ या दैनिकाने जुलै २०१९ मध्ये महिनाभर आपल्या संपादकीय पानावरून राष्ट्रीय राजकारण पूर्ण हटवले. ट्रम्प यांच्या बाजूचे नाही आणि विरुद्धही नाही. त्या जागी शहरातील जुन्या इमारतींचे जतन, वाहतूक, पर्यावरण या विषयांवर लेख आणि वाचकांची पत्रे आली. संशोधकांनी त्या शहरातील लोकांची तुलना व्हेंचुरा येथील लोकांशी केली, जिथल्या दैनिकाने काहीच बदलले नव्हते. पाम स्प्रिंग्जमध्ये विरोधी पक्षाविषयीची अप्रीती वाढण्याचा वेग मंदावलेला आढळला. वाहतुकीवरून तिथेही भांडणे झालीच, पण उड्डाणपूल हवा की नको या भांडणात माणसे पक्षांच्या रांगेत उभी राहत नाहीत. ठाण्यात आणि नाशकात याचा अनुभव रोज येतो.

महिना संपला आणि राष्ट्रीय राजकारण त्या पानावर परत आले. याचे कारण बरेचसे हिशेबाचे आहे. राजधानीतील नामवंत स्तंभलेखकाचा लेख दैनिकाला तयार आणि स्वस्तात मिळतो, तोच देशभरातील शेकडो पत्रांत छापता येतो. गावातील पाणीपट्टीवरच्या लेखासाठी मात्र ते गाव माहीत असलेला माणूस लागतो. त्याला फोन करावा लागतो, त्याची मराठी वा इंग्रजी सुधारावी लागते, आकडे तपासावे लागतात आणि तो लेख दुसऱ्या कुठल्याही गावाच्या उपयोगाचा नसतो. अमेरिकेतील स्थानिक वर्तमानपत्रांत असे काम करणारी माणसे गेल्या वीस वर्षांत झपाट्याने कमी झाली आहेत. मराठी दैनिकांच्या तालुका वार्ताहराला अजूनही अनेक ठिकाणी मानधन नावापुरते मिळते आणि त्याच्याकडून जाहिराती आणण्याची अपेक्षा असते.